दसऱ्याआधीची तपासणी : शाळकरी मुलांच्या कण्याच्या तपासणीविषयी बालाघाटातील एका तालुक्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बीड जिल्ह्यातील, बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या एका तालुक्याचे आहे. मुलीची, गावाची, शाळेची आणि संबंधित अधिकाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे; घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. मी तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीचे काम करते आणि या प्रकरणात प्रथम उपचाराच्या बाजूने व नंतर मागणीचा मसुदा लिहिणाऱ्यांपैकी एक म्हणून सहभागी होते.

दसरा झाला की या भागातील बरीच घरे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मुलांपैकी काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावात राहतात, तर काही, विशेषतः धाकट्या भावंडांना सांभाळू शकतील अशा मुली, आईबापांबरोबर फडावर जातात. हंगाम संपवून टोळ्या परततात तेव्हा मार्च उलटत आलेला असतो आणि शाळेचे वर्ष जवळजवळ सरलेले असते. पुढे जे घडले ते या वेळापत्रकामुळे घडले, म्हणून ते आधी सांगितले.

मुलगी तेव्हा सहावीत होती, वय बारा. तिच्या पाठीतील दोष प्रथम लक्षात आला तो गणवेश शिवणाऱ्या बचत गटातील एका बाईंच्या. खांद्यापासून खाली माप घेताना उजवी बाजू डावीपेक्षा दोन बोटे वर राहत होती. त्यांना आधी वाटले की टेप सरकला असावा, म्हणून त्यांनी मुलीला भिंतीला टेकून उभे केले आणि पुन्हा माप घेतले. फरक तसाच राहिला. त्यांनी कापड त्या मापाने बेतले, सदरा अंगावर नीट बसला, आणि ही गोष्ट त्यांनी मुलीच्या आईला व वर्गशिक्षकांना सांगितली. आईचे म्हणणे होते, "बाई, ती रोज डाव्या कमरंवर घागर आणती, म्हणून तसं झालं असंल." शिक्षकांनी दप्तराचे वजन हे कारण मानले आणि वह्या शाळेतच ठेवण्याची सोय करून दिली.

दोघांनीही काळजीनेच विचार केला होता, पण दोन्ही कारणे चुकीची होती. दप्तराच्या ओझ्याने पाठ दुखते, मूल पुढे झुकून चालते, आणि म्हणूनच राज्य शासनाने जुलै २०१५ मध्ये दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा निर्णय काढला तो योग्यच होता. परंतु स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वळणे आणि त्याच वेळी स्वतःभोवती पिळला जाणे, हा दोष दप्तराने किंवा घागरीने होतो असे दिसून आलेले नाही. वाढीच्या वयात दिसणाऱ्या बहुतेक प्रकरणांत त्याचे निश्चित कारण सापडत नाही. त्यामुळे दप्तर हलके करून घरच्यांना व शिक्षकांना समाधान मिळाले, आणि त्या समाधानात एक वर्ष गेले.

अडचण

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याची फिरती पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांना एकदा भेट देतात. या शाळेला पथक आले ते जानेवारीत. मुलगी तेव्हा आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर, कोपीत राहत होती आणि दीड वर्षाच्या भावाला सांभाळत होती. हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा होता. पथकाने उपस्थित मुलांची तपासणी करून अहवाल दिला आणि त्या अहवालात शाळेची तपासणी पूर्ण झाल्याची नोंद झाली. पथकाने कामात कसूर केली असे मी म्हणणार नाही, कारण त्यांना दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे ते आले होते.

ती हजर असती तरी दोष सापडला असता का, याविषयी मला शंका आहे. कार्यक्रमाच्या मूळ यादीत सुमारे ३० आजार व दोष नावानिशी दिले आहेत. जन्मजात वाकडे पाऊल, नितंबाच्या सांध्याचा दोष, मुडदूस, दृष्टिदोष, दातांची कीड हे सारे त्यात आहे. किशोरवयात वाकणाऱ्या कण्याचे स्वतंत्र नाव नाही. पथकातील डॉक्टर दिवसाला बरीच मुले पाहतात आणि तपासणीपत्रकात ज्याला रकाना नाही ते शोधले जाईलच, असे नाही. शिवाय मुली सदऱ्यावर ओढणी घेऊन, पिना लावून उभ्या असतात, आणि अशा कपड्यांतून पाठ दिसत नाही.

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या आसपास, सातवीत असताना, शाळेत नव्याने रुजू झालेल्या बाईंनी कवायतीच्या तासाला मुलींना पुढे वाकायला सांगितले आणि या मुलीच्या उजव्या खवाट्याखालचा भाग शेताच्या बांधासारखा वर उचललेला पाहिला. त्यांनी त्याच दिवशी आजीला बोलावून घेतले आणि आठवड्याभरात मुलगी माझ्याकडे आली. उभ्याने काढलेल्या पूर्ण कण्याच्या एक्स-रेत वाक ३३ अंशांचा निघाला. १० अंशांपासून पुढे स्कोलिओसिस मानतात, वाढ शिल्लक असताना साधारण २५ ते ४० अंशांच्या दरम्यान ब्रेस, म्हणजे वाक वाढू नये म्हणून धडाभोवती बांधायचा कडक पट्टा, लावतात आणि ४५-५० अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. मुलीची पाळी अजून सुरू झाली नव्हती, म्हणजे उंची झपाट्याने वाढण्याचा आणि वाकही झपाट्याने वाढण्याचा काळ समोरच होता. दसरा पाच आठवड्यांवर आला होता.

त्याच महिन्यात बाईंनी वरच्या वर्गांतील मुलींकडेही लक्ष दिले, तेव्हा दहावीतील एक मुलगी सापडली. तिचा वाक ५६ अंशांचा होता आणि वाढ जवळजवळ पूर्ण झाली होती. तिच्यासाठी ब्रेसची वेळ निघून गेली होती. ती सातवीत असतानाही शाळेची वार्षिक तपासणी झालेली होती.

कायद्यात काय आहे

या दोन मुलींमुळे काही शिक्षक, एक वकील, आशाताई आणि मी असे आम्ही एकत्र बसलो. पहिली सूचना साहजिक होती : शाळकरी मुलांच्या कण्याची तपासणी सक्तीची करणारा कायदा राज्याने करावा, अशी मागणी करायची. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय आहे आणि शिक्षण समवर्ती सूचीत आहे, तेव्हा विधिमंडळाला असा कायदा करता येतो. परदेशांत उदाहरणेही आहेत. जपानमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून शालेय आरोग्य तपासणीत कण्याचा समावेश आहे, आणि अमेरिकेतील काही राज्यांत तपासणी सक्तीची आहे, तर काहींत नाही.

वकील भगिनींनी मात्र आमच्यापुढे एक जुनेच कलम ठेवले. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम २५ प्रमाणे शासनाने आणि स्थानिक प्राधिकरणांनी, दिव्यांगत्व टाळण्याच्या हेतूने, सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करून जोखमीची प्रकरणे शोधायची आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. त्याआधीच्या, १९९५ च्या कायद्यातही ही तरतूद होती. म्हणजे 'सर्व मुले' आणि 'दरवर्षी' हे शब्द कायद्यात अगोदरच आहेत, आणि जिल्हा परिषद त्या कलमाखाली स्वतः बांधील आहे. 'सर्व' या शब्दात फडावरची मुलेही आली, हे त्या बैठकीत प्रथम कोणीतरी मोठ्याने म्हटले.

समोरचे पर्याय

एक पर्याय स्वतंत्र कायद्याच्या मागणीचा होता आणि त्यामागची भावना खरी होती. परंतु तपासणीच्या सक्तीबद्दल वैद्यकीय जगातही एकमत नाही, हे मला गटापुढे ठेवावे लागले. अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवांविषयीच्या कार्यगटाने २००४ मध्ये लक्षणे नसलेल्या किशोरवयीन मुलांची सरसकट तपासणी करू नये, असा सल्ला दिला होता. २०१८ मध्ये त्यांनी तो बदलला आणि बाजूने किंवा विरुद्ध सांगण्याइतका पुरावा नाही, अशी भूमिका घेतली. मधल्या काळात, २०१३ मध्ये, ब्रेसवरचा एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता : ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा वाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, तर नुसत्या निरीक्षणाखाली ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते, आणि जितके जास्त तास ब्रेस घातला तितका जास्त गुण आला. अस्थिरोगतज्ज्ञांच्या व बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटना याच आधारावर मुलींची तपासणी १० व्या आणि १२ व्या वर्षी आणि मुलांची १३ व्या किंवा १४ व्या वर्षी करावी, असे सांगतात. विरोधी बाजूचा आक्षेपही हलका नाही. घाईने केलेल्या तपासणीत दोष नसलेली मुले मोठ्या संख्येने एक्स-रेसाठी पाठवली जातात, आणि आमच्याकडे त्यासाठी एका घराची दोन दिवसांची मजुरी बुडते.

दुसरा पर्याय एखाद्या मोठ्या रुग्णालयाला बोलावून एक दिवसाचे शिबिर घेण्याचा होता. तो आम्ही लवकर सोडला, कारण शिबिरानंतर मुलीला सहा महिन्यांनी कोण पाहणार, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

तिसरा पर्याय असलेल्या कलमाचा आधार घेऊन तालुक्यापुरती तपासणी सुरू करण्याचा आणि तिचा अनुभव जोडून जिल्हा परिषदेकडे ठरावाची मागणी करण्याचा होता. आम्ही तो निवडला. काही जणांना ही माघार वाटली. मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते की त्या वेळी नवा कायदा झाला असता तर तपासणीपत्रकात एक रकाना वाढला असता, तो जानेवारीत भरला गेला असता, आणि त्या मुलीच्या नावापुढे पुन्हा 'स्थलांतरित' असेच लिहिले गेले असते.

केलेली कार्यवाही

सर्वांत आधी प्रश्न त्या मुलीचा होता. ब्रेस दिवसातून १८ तास घालायचा, म्हणजे तो घालून फडावर राहणे अशक्य होते. पहाटेच्या थंडीत, पाचटाच्या धुळीत, अंघोळीची सोय नसताना त्याच्याखाली कातडी सोलून निघाली असती. मुलगी गावात राहिली तर धाकट्या भावाला कोण सांभाळणार, हा वडिलांचा प्रश्न होता आणि तो योग्य होता. आजी आधी ब्रेसलाच राजी नव्हती. हाडवैद्याकडून महिनाभर चोळून घेऊ, असे तिचे म्हणणे होते, आणि त्यामागची भीती तिने शेवटी बोलून दाखवली : "पट्टा बांधल्याली पोर म्हणून गावभर होईल, मग तिचं लगीन कसं व्हायचं?" आम्ही तिला दहावीतील मुलीच्या घरी नेले. दोन्ही घरच्या बायका तासभर बोलल्या. आम्ही अंगणातच थांबलो. परत येताना आजी म्हणाली की पोर माझ्याजवळ राहील. भावाला आईने बरोबर नेले आणि एक चुलत आत्या त्या टोळीत असल्याने तेवढा भार हलका झाला.

ब्रेसच्या खर्चाने आम्हाला कायद्यातील आणखी एक फट दाखवली. स्थानिक संस्थांकडे दिव्यांगांसाठी राखून ठेवलेला निधी असतो. चौकशी केली असता दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र विचारले गेले, आणि अशा लाभांसाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागते. मुलीला तितके दिव्यांगत्व नव्हते आणि ते येऊ नये म्हणूनच ब्रेस हवा होता. दिव्यांगत्व टाळणे हे कायद्याचे उद्दिष्ट असताना त्यासाठीचा पैसा दिव्यांगत्व आल्यावरच मिळावा, ही विसंगती आम्ही नंतर मागणीच्या मसुद्यात पहिल्या क्रमांकावर घातली. त्या वेळी वडील मुकादमाकडून वाढीव उचल घ्यायला निघाले होते. त्यांना थांबवून शिक्षकांनी आणि गणवेश शिवणाऱ्या बचत गटाने ती रक्कम उभी केली.

तपासणीची आखणी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत झाली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, त्यामुळे मुलींच्या पाठी कोणी व कशा पाहायच्या हे त्यांनीच ठरवणे योग्य होते. तपासणी पंचमी ते पोळा या दरम्यान करायची, मुलींची पाचवीत आणि सातवीत, मुलांची आठवीत. मुलींना फक्त बाईच तपासतील, वर्गाच्या दाराला चादर लावली जाईल, मुलगी पाठीकडून उघडा सदरा उलटा घालून येईल आणि तिची आई किंवा मैत्रीण जवळ उभी राहील.

पहिल्याच दिवशी एक अनपेक्षित अडचण आली. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून पुढे वाकायला सांगितले की काही मुली कावऱ्याबावऱ्या होत, एक तर रडू लागली. अंगठे धरून उभे करणे ही शिक्षा त्यांनी पाहिलेली किंवा भोगलेली होती. मग आम्ही सूचना बदलली : हात नमस्कारासारखे जोडा, हनुवटी छातीला लावा आणि जोडलेले हात दोन्ही पायांच्या मधोमध जमिनीकडे नेत सावकाश वाका. तपासणीसाठी हवी असलेली स्थिती तीच आहे आणि मुली निवांत झाल्या.

वाकलेल्या पाठीवर स्कोलिओमीटर आडवा ठेवला की दोन्ही बाजूंच्या उंचीतील कल अंशांत कळतो. आमच्याकडे एकच स्कोलिओमीटर होता, म्हणून इतर शाळांत मोबाइलमधील कलमापकाने काम चालवले. मात्र फोन सरळ पाठीवर टेकला तर मणक्यांच्या टोकांवर तो डुलतो, म्हणून दोन्ही अंगठ्यांवर फोन ठेवून मधली फट कण्यावर आणायची, हे शिक्षिकांकडून अनेकदा करवून घेतले. कल ७ अंश किंवा जास्त असेल तर मी पुन्हा तपासायचे आणि मगच एक्स-रेसाठी पाठवायचे. ५ किंवा ६ असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. या दुसऱ्या तपासणीमुळे विनाकारण शहरात पाठवावे लागले असते अशा अनेक मुलींचा फेरा वाचला, आणि माझ्या मते आमच्या आखणीतील सर्वांत उपयोगी निर्णय हाच होता.

निष्पत्ती

मुलीने जवळजवळ दोन वर्षे ब्रेस वापरला. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की १८ तास होत नसत. ती दुपारी काढून ठेवी आणि आतला सुती बनियन धुऊन वाळवून रात्री पुन्हा घाली. आजीने चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने तासांच्या रेघा ओढून ठेवल्या होत्या, आणि मला मिळालेल्या सर्व नोंदींत त्या सर्वांत भरवशाच्या होत्या. वाढ थांबत आली तेव्हाचा वाक ३८ अंश आहे. पाठ सरळ झालेली नाही, ब्रेसचे ते कामही नव्हते. शस्त्रक्रियेची वेळ मात्र आलेली नाही. काही वर्षांच्या अंतराने एक्स-रे काढत राहावे लागेल.

दहावीतील मुलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला. घरच्यांनी दोनदा तारीख पुढे ढकलली आणि नंतर तिचे लग्न झाले. तिच्या सासरी या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हाला नव्हता.

जिल्हा परिषदेकडे दिलेल्या निवेदनावर चर्चा झाली, ठराव अद्याप झालेला नाही. बाल स्वास्थ्य पथकाने मात्र तालुक्यातील स्थलांतराच्या गावांतील शाळांची भेट दसऱ्याआधी आणण्याचे मान्य केले आणि दोन वर्षे ते पाळले आहे. यासाठी कोणताही नवा आदेश लागला नाही. तालुका बैठकीत गावांची यादी आणि टोळ्या निघण्याच्या तारखा समोर ठेवणे पुरेसे झाले.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या फेरीत एका शाळेत पुन्हा तपासायच्या मुलींची नावे वर्गात मोठ्याने वाचली गेली. हेतू चांगला होता, पण त्यातल्या एका मुलीला 'वाकडी' म्हणून चिडवले गेले आणि ती कित्येक दिवस शाळेत आली नाही. पुढे तिच्या पाठीत दोषही निघाला नाही. निकाल बंद पाकिटात आईच्या हाती द्यायचा, हे आम्ही त्यानंतर ठरवले. ते प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी सांगायला हवे होते आणि ती चूक माझी आहे.

गणवेश शिवणाऱ्या बाईंना आम्ही फार उशिरा सामील करून घेतले. प्रत्येक मुलीच्या खांद्यापासूनचे माप त्या दरवर्षी जूनमध्ये घेतात आणि दोन बाजूंतील फरक त्यांच्या वहीत आपोआप उतरतो. आता दोन गटांनी अशी नावे मुख्याध्यापिकांना कळवायला सुरुवात केली आहे.

मुलग्यांची तपासणी कागदावर ठरली, प्रत्यक्षात अर्ध्या शाळांतही झाली नाही, कारण सगळी माणसे मुलींच्या फेरीतच गुंतली. मुलग्यांत वाक वाढण्याची शक्यता कमी असते हे खरे, पण त्या आधारावर त्यांना वगळण्याचा निर्णय आम्ही घेतला नव्हता. ते राहून गेले.

कायद्याच्या मागणीचा आमचा मसुदा आता पहिल्यापेक्षा लहान आहे. तपासणीचा महिना जिल्ह्यातील स्थलांतर पाहून ठरवावा. मुलींची तपासणी स्त्री कर्मचाऱ्यानेच करावी. संशयित मुलाला ३० दिवसांच्या आत एक्स-रे मिळणे ही शाळेची नव्हे, तर आरोग्य विभागाची जबाबदारी असावी. आणि प्रवास व ब्रेस यांचा खर्च प्रमाणपत्राची अट न घालता मिळावा. ज्या मुलांचे नाव 'स्थलांतरित' म्हणून राहिले असेल त्यांची तपासणी ते ज्या कारखान्याच्या तळावर असतील त्या जिल्ह्याने करावी, हे पाचवे कलम घालावे की नाही, यावर आमच्यात मतभेद आहेत. वकील भगिनींना ते अंमलात येण्यासारखे वाटत नाही. मला ते हवे आहे, कारण या वर्षीही आमच्या यादीतील चार मुली पंचमीआधीच कर्नाटकात गेल्या आणि त्यांच्या पाठी अजून कोणी पाहिलेल्या नाहीत.